मातीचे दप्तर

४ डिसेंबर २०२४ रोजी सकाळी साडेसातच्या सुमारास गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली जमीन हलली. लोक घराबाहेर आले, एकमेकांना फोन करू लागले. भूकंपाचे केंद्र तेलंगणातल्या मुलुगू जिल्ह्यात, गोदावरीपलीकडच्या जंगलात होते आणि तीव्रता ५.३ होती. धक्का पार नागपूरपर्यंत जाणवला. त्या दिवशी अनेकांच्या तोंडी एकच वाक्य होते : आपल्याकडे असे कधी होत नाही.

होते. १३ एप्रिल १९६९ रोजी याच गोदावरी खोऱ्यात, भद्राचलमजवळ ५.७ तीव्रतेचा भूकंप झाला होता. दोन्ही धक्के अनुभवलेली माणसे सिरोंचा-अहेरीकडे आजही भेटतील. पंचावन्न वर्षांचे अंतर माणसाच्या आयुष्यात मावते, तरी ते विसरले गेले. मग दोन मोठ्या भूकंपांत पाचशे वर्षांचे अंतर असेल तर? पाच हजार वर्षांचे असेल तर? तितकी वर्षे मागे जाणारा कागद नाही, शिलालेख नाही, आठवण तर नाहीच. तरी त्या घटनेची नोंद कुठेतरी राहते का, राहत असेल तर ती वाचायची कशी, हा या पुस्तकाचा विषय आहे. समुद्रकिनाऱ्यांवरच्या गाळात, खाजणांत, पुळणीत आणि बुडालेल्या जंगलांत जुने भूकंप आणि त्सुनामी शोधणाऱ्या विज्ञानाची ही मराठीतून करून दिलेली ओळख आहे.

समुद्र पाहायला ज्याला इथून दिवसभराचा प्रवास करावा लागतो, त्या वाचकाने किनाऱ्याचे पुस्तक का वाचावे? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि त्याचे उत्तर आपल्याच पायाखाली आहे.

राजुरा, कोरपना, जिवती, गडचांदूर या पट्ट्यात सिमेंटसाठी जी चुनखडी खणली जाते, ती समुद्रतळावर साचलेली आहे. भूवैज्ञानिक तिला पैनगंगा गटात धरतात. तिचे वय शंभर कोटी वर्षांच्या आसपासचे. त्या काळी जमिनीवर झाड नव्हते, प्राणी नव्हता; पण उथळ पाणी, खोल पाणी आणि त्यांना जोडणारा उतार असा समुद्र इथे होता. म्हणजे चंद्रपूरला किनारा होता. त्यानंतर कितीतरी काळाने, २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वी, इथे दलदलीची जंगले उभी राहिली. बल्लारपूर, घुग्घुस, दुर्गापूर आणि माजरीचा कोळसा तो हाच. ग्लोसोप्टेरिससारखी झाडे चिखलात पडली, त्यांवर नद्यांनी रेती आणि गाळ टाकला, तळ खचला, पुन्हा जंगल उभे राहिले, पुन्हा गाडले गेले. त्याहूनही पुढच्या काळातले, सिरोंचाजवळच्या कोटा गावाच्या नावाने ओळखले जाणारे खडक डायनोसॉरच्या काळातले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी ज्या जीवाश्मांचा अभ्यास केला, त्यांत कोट्याचे जीवाश्मही होते. त्याच तालुक्यातल्या वडधमला डायनोसॉरची हाडे आणि दगड झालेले वृक्षांचे बुंधे सापडले.

हे सगळे थर एका खचदरीत साठले आहेत. वर्धा खोऱ्यापासून प्राणहिता-गोदावरीच्या काठाने आग्नेयेकडे गेलेला हा लांबट खळगा दोन्ही अंगांना प्रस्तरभंगांनी बांधलेला आहे. कोळसा खाणीत काम केलेल्या माणसाला प्रस्तरभंग समजावून सांगावा लागत नाही. खणता खणता कोळशाचा थर एकाएकी संपतो, समोर दगडाची भिंत येते, आणि तोच थर काही मीटर खाली किंवा वर पुन्हा सापडतो. खाणीत त्याला सरळ ‘फॉल्ट’ म्हणतात. जमीन तिथे तुटून सरकली होती. अशा सरकण्यातले बरेचसे झटक्यात होते, आणि तो झटका म्हणजेच भूकंप. हजारो मीटर जाडीचा गाळ सामावून घेईल इतकी दरी एका भूकंपाने तयार होत नाही. कोट्यवधी वर्षांतल्या असंख्य छोट्यामोठ्या सरकण्यांची ती बेरीज आहे. त्यांतला एकही भूकंप कुणी पाहिला नाही. तरी ते झाले हे आपण ठामपणे म्हणतो, कारण थर तसे सांगतात. किनाऱ्यावरचा अभ्यासक हेच करतो, फक्त त्याचे थर कोवळे असतात, काही शतकांचे किंवा काही हजार वर्षांचे, आणि त्यांतला हादरा तो चक्क तारखेपर्यंत नेऊ पाहतो.

नोंद नसणे आणि घटना नसणे यांत फरक न केल्याची किंमत महाराष्ट्राने एकदा मोजली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला काही मिनिटे असताना, किल्लारीचा भूकंप झाला. सुमारे आठ हजार माणसे गेली. तीव्रता ६.२ च्या आसपास, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. पण दगडमातीच्या जाड भिंतींची घरे झोपलेल्या माणसांवर कोसळली. देशाच्या तेव्हाच्या भूकंप नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. त्या नकाशाला आधार होता तो मुख्यतः माहीत असलेल्या भूकंपांचा, आणि माहीत असलेला इतिहास काही शतकांपलीकडे जात नव्हता. नंतर सी. पी. राजेंद्रन आणि कुसला राजेंद्रन यांनी किल्लारीत चर खणून प्रस्तरभंगाचा छेद तपासला आणि आता धाराशिव जिल्ह्यात असलेल्या तेर या प्राचीन नगरीतही शोध घेतला. तेरच्या जुन्या थरांत आणि विटांच्या बांधकामात त्यांना सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूकंपाच्या खुणा दिसल्या. सातवाहनांच्या काळापासून व्यापाराने गजबजलेले गाव, रोमपर्यंत माल धाडणारे. त्याचा भूकंप मात्र कोणत्याही पोथीत आला नाही. तो मातीत होता. मातीचे हे दप्तर उशिरा उघडले गेले, याची खंत माझ्यासारख्याला अजून वाटते.

आता किनाऱ्याकडे वळू. पुस्तकातला सर्वांत सविस्तर भाग अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्याचा आहे आणि जंगलाच्या माणसाला तो जवळचा वाटेल, कारण ती कथा झाडांची आहे.

वॉशिंग्टन राज्यातल्या कोपालिस नदीच्या मुखाजवळ मोठ्या सूचिपर्णी वृक्षांचे वाळलेले बुंधे खाऱ्या दलदलीत उभे आहेत. खाऱ्या पाण्यात ते उगवणे शक्य नाही. मग जिथे ते उगवले ती जमीन कधीतरी भरतीच्या पातळीच्या वर असली पाहिजे. ब्रायन ॲटवॉटर हे भूवैज्ञानिक १९८० च्या दशकात होडीतून त्या खाड्यांचे काठ तपासत फिरले. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या काठांत त्यांना जागोजागी एकच क्रम दिसला : खाली जुन्या कुरणाची काळी माती, तीत गवताची मुळे जशीच्या तशी, तिच्यावर पातळसा रेतीचा थर, त्यावर भरतीने आणलेला राखाडी चिखल. गवत अजून उभे असतानाच त्यावर रेती पसरली होती. म्हणजे जमीन हळूहळू बुडाली नव्हती. ती एका दमात एक ते दोन मीटर खचली, समुद्र आत धावला, रेती टाकून गेला, आणि नंतर रोजच्या भरतीने उरलेले काम केले. असे महाभूकंपातच होते. ॲटवॉटरांनी हे १९८७ मध्ये मांडले तोवर त्या किनाऱ्यावर मोठा भूकंप होऊ शकतो का यावरच वाद होता. तिथल्या लिखित इतिहासात तसा एकही नव्हता.

पुढचे काम झाडांनी केले. आपल्याकडे सागवानाच्या बुंध्यात वर्षागणिक उमटलेली वलये स्पष्ट दिसतात. उष्ण प्रदेशातल्या फार थोड्या झाडांत ती इतकी नीट मोजता येतात. आलापल्लीच्या सागवनात वावरलेल्या वाचकाला म्हणूनच हे पटकन उमजेल. डेव्हिड यामागुची यांनी त्या मृत वृक्षांची वलये शेजारच्या जिवंत वृक्षांच्या वलयांशी जुळवली. सालीसकट टिकलेल्या मुळांत शेवटचे वलय १६९९ च्या हंगामाचे निघाले. म्हणजे १७०० ची वाढ सुरू होण्याआधी झाडे मेली होती. इकडे जपानमध्ये, पॅसिफिकच्या पलीकडच्या काठावर, जानेवारी १७०० मध्ये एक लाट आल्याची नोंद अनेक गावांच्या दप्तरांत होती. भूकंप जाणवला नव्हता, लाट मात्र आली होती. तिला पोरकी त्सुनामी म्हणत. केंजी साताके आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये तिच्या प्रवासाचा काळ उलटा मोजला, आणि भूकंपाची वेळ निघाली २६ जानेवारी १७०० ची रात्र, सुमारे नऊ वाजता, अमेरिकेच्या त्या किनाऱ्यावर. तिथे तेव्हा लिहिणारा कुणी नव्हता. मेलेली झाडे, बुडालेले कुरण आणि सातासमुद्रापारच्या कारकुनांच्या नोंदी यांनी मिळून तासापर्यंत वेळ सांगितली. विज्ञानातल्या ज्या थोड्या गोष्टी वाचून मी हरखून गेलो, त्यांत ही एक आहे.

पण रेतीचा प्रत्येक थर त्सुनामीचा नसतो, आणि या पुस्तकाने त्यावर बरीच पाने खर्चली आहेत ते योग्यच झाले. वादळही रेती आत आणते. नदीचा पूर आणतो. वारा आणतो. जुलै २०२२ च्या पुरानंतर वर्धा, वैनगंगा, प्राणहितेच्या काठच्या शेतकऱ्यांनी धानाच्या आणि कापसाच्या शेतांवर गाळ आणि रेती पाहिली आहे. अनेक शतकांनी कुणी तिथे खणले तर त्याला तो थर कशाचा वाटेल? त्सुनामीची रेती सहसा किनाऱ्यापासून आत जाताना पातळ होत जाते आणि बारीकही. तिचा तळ तुटक आणि स्पष्ट असतो, कारण पाण्याने खालची जमीन ओरबाडलेली असते. ओरबाडलेल्या चिखलाचे गोळे रेतीत अडकलेले सापडतात. एकाच थरात जाड दाण्यांवर बारीक दाणे असे दोन-तीन आवर्त दिसले तर एकामागून एक आलेल्या लाटा ओळखता येतात. रेतीत फोरामिनिफेरा नावाच्या समुद्री सूक्ष्मजीवांची कवचे असली तर ती नदीची नाही हे ठरते. वय काढायला थरातल्या पानाकाडीतला कार्बन उपयोगी पडतो; आणि रेतीच्या दाण्याने शेवटचे ऊन केव्हा पाहिले, हेही आता प्रकाशाच्या साहाय्याने मोजता येते. यांतली एक खूण पुरेशी नसते. चांगला अभ्यासक चार खुणा एकत्र आल्याशिवाय तोंड उघडत नाही. आपल्या पैनगंगा चुनखडीतही काही जागी थर मोडून त्यांचे तुकडे पुन्हा जमलेले दिसतात. समुद्रतळाच्या उतारावर गाळ घसरल्याची ती खूण आहे. घसरायला भूकंपाचा धक्का कारण होऊ शकतो, नुसता साचलेल्या गाळाचा भारही होऊ शकतो. तेवढ्यावरून चंद्रपूरला शंभर कोटी वर्षांपूर्वी अमुक भूकंप झाला असे म्हणणे मला मंजूर नाही.

पुरावा वाचला आणि तरी उपयोग झाला नाही, याचे उदाहरण जपानचे आहे. सन ८६९ मध्ये ईशान्य जपानच्या सेंदाई मैदानावर आलेल्या लाटेचे वर्णन तिथल्या राजदरबाराच्या इतिहासात होते. १९९० च्या दशकापासून कोजी मिनोउरा आणि इतरांनी भातखाचरांखाली त्या लाटेची रेती कित्येक किलोमीटर आतपर्यंत शोधून काढली आणि तसे पुन्हा होऊ शकते हे लिहिले. फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राबद्दल चर्चेत हा पुरावा २००९ मध्ये मांडलाही गेला. ११ मार्च २०११ ला लाट आली. त्यानंतर आणखी एक गोष्ट समोर आली. २०११ चे पाणी सेंदाईजवळ सुमारे साडेचार किलोमीटर आत गेले. नजरेत भरेल असा रेतीचा थर मात्र तीन किलोमीटरच्या आसपासच संपला. म्हणजे जुन्या लाटांची धाव रेतीवरून मोजली तर ती कमी भरते. थर जे सांगतो ते किमान असते.

थरांखेरीज आठवणही टिकते, जर ती सांगत राहिले तर. सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर १९०७ मध्ये त्सुनामीने मोठी हानी केली होती. तिथल्या लोकांनी ती गोष्ट गाण्यांत आणि आजीच्या सांगण्यात जपली : जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे हटला की डोंगराकडे पळा. २६ डिसेंबर २००४ ला भूकंपाच्या केंद्राच्या जवळ असूनही ७० हजारांहून अधिक वस्तीच्या त्या बेटावर मोजकी माणसे गेली. त्याच सकाळी आपल्या देशाचे दक्षिण टोक, ग्रेट निकोबारचे इंदिरा पॉइंट, सव्वाचार मीटर खचले आणि तिथला दीपस्तंभ पाण्यात उभा राहिला. गोंड, माडिया समाजात राहून काम करणाऱ्या शिक्षकांनी सिमेउलुएची हकिकत मुलांना जरूर सांगावी. लिपी नसलेल्या समाजाचे ज्ञान दुय्यम मानणाऱ्यांना ती ऐकवण्यासारखी आहे.

महाराष्ट्राचा आपला पुरावा केळशीला आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोली तालुक्यात, भारजा नदीच्या मुखाशी, रेतीची एक मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ अशोक मराठे यांनी तिच्यावर अनेक वर्षे काम केले. रेतीच्या पोटात त्यांना भांडी, बहामनी काळातली नाणी, वस्तीच्या खुणा मिळाल्या, आणि ही टेकडी साध्या वाऱ्याची नाही, समुद्राने केलेल्या मोठ्या उलथापालथीची आहे, असे त्यांनी मांडले. मराठ्यांनी एकट्याने लावून धरलेला हा प्रश्न पुढे सी. पी. राजेंद्रन आणि सहकाऱ्यांनी भूविज्ञानाच्या अंगाने हाती घेतला. त्यांना तिथे शिंपल्यांसह आलेल्या रेतीचा थर मिळाला आणि त्याचे वय सोळाव्या-सतराव्या शतकाच्या आसपास निघाले. वारा बारीक रेती उचलतो. भरीव शिंपले तो टेकडीवर नेऊन ठेवत नाही. माझ्या मते अख्खी टेकडी लाटेने उभी केली असे म्हणणे धाडसाचे आहे, वाऱ्याचा वाटा तीत मोठा असणारच. पण त्या एका थराचे उत्तर वाऱ्याने मिळत नाही.

याला एक लिखित जोडही आहे. सप्टेंबर १५२४ मध्ये वास्को द गामा व्हाइसरॉय म्हणून तिसऱ्यांदा हिंदुस्थानात येत होता. दाभोळच्या परिसरात त्याच्या ताफ्यातली जहाजे एकाएकी इतकी हादरली की खलाशांना ती खडकावर आदळल्यासारखी वाटली. पोर्तुगीज बखरकार गास्पार कोरिया याने हे लिहून ठेवले आहे. दाभोळ ते केळशी हे अंतर समुद्रमार्गे फारसे नाही. रेतीच्या थराचे वय आणि ही नोंद जुळतात, म्हणून १५२४ च्या त्सुनामीचा विचार गंभीरपणे होऊ लागला. तीही अजून पोरकी आहे. तिचा भूकंप कुठे झाला? पाकिस्तान-इराणच्या दक्षिणेला मक्रानचा समुद्री पट्टा हा पहिला संशयित. तिथे २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि काही तासांत मुंबईच्या किनाऱ्याला सुमारे दोन मीटरची लाट लागून माणसे दगावली होती. आज मुंबईत ही घटना किती जणांना ठाऊक आहे? पण केळशीत इतकी रेती आत टाकणारी लाट मक्रानकडून यायची तर भूकंप १९४५ च्या भूकंपापेक्षा कितीतरी मोठा हवा. तसा तिथे होऊ शकतो का, की उगम कोकणाच्या जवळच कुठे होता, यावर कोकण, मुंबई आणि गोव्याच्या किनाऱ्यांचा धोका ठरतो. हैदराबादचे त्सुनामी इशारा केंद्र २००७ पासून काम करते आहे; पण सर्वांत मोठी लाट किती मोठी असू शकते, हे त्याच्या संगणकाला कुणीतरी सांगावे लागते, आणि ते सांगणारे पुरावे केळशीसारख्या जागीच आहेत. एका गावावर एवढा भार टाकणे बरे नाही. आंजर्ले, हर्णे, श्रीवर्धन, देवगड, मालवणच्या खाजणांत असाच शोध व्हायला हवा. केळशीच्या टेकडीचा काही भाग रस्त्या-पुलाच्या कामात कापला गेला. बाकीच्या किनाऱ्यावर बंदरे, बंगले आणि रेतीउपसा चालूच आहे.

हीच गोष्ट आपल्या नद्यांची आहे, आणि लेखकाने शेवटच्या प्रकरणात अंतर्भागातल्या नद्यांचा विषय घेतला याचा मला विशेष आनंद आहे. भूकंपात पाण्याने भरलेली रेती क्षणभर पातळ होते आणि वरच्या चिकणमातीला चिरून उसळते. नंतर काठ कापला गेला की चिकणमातीत रेतीची उभी शीर दिसते, खाली रुंद, वर निमुळती, कधी माथ्यावर पसरलेली. भूजच्या २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात कच्छच्या रणात अशी उसळी जागोजागी आली. प्राणहिता, इंद्रावती, वैनगंगा आणि गोदावरीचे काठ अशाच रेती-मातीचे आहेत, आणि ते एका जुन्या खचदरीवर वाहतात. इथे अशा शिरा शोधायला किनाऱ्यावर जाण्याची गरज नाही. दिवाळीच्या सुमारास पूर ओसरून काठ ताजे कापलेले असतात, तेव्हा सोमनूरच्या संगमापासून चपराळ्यापर्यंत कुठल्याही घाटावर जाणाऱ्याने ते निरखून पाहावेत. झाडाच्या मुळाच्या किंवा उंदराच्या बिळाच्या जागी भरलेली रेतीही अशीच दिसते, त्यामुळे घाई करू नये. शीर दिसली तर पट्टी किंवा नाणे मापासाठी ठेवून फोटो घ्यावा, घाटाचे नाव, दिशा आणि तारीख लिहावी, आणि गोंडवाना विद्यापीठाकडे किंवा नागपूरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाकडे कळवावे. हे काम पावसाळ्यापूर्वी करावे लागते; पुढच्या पुरात तो काठ राहत नाही, आणि रेतीघाटाचा लिलाव झाला असेल तर त्याआधीच जातो.